अण्णासोंची मापांची वही

गडमुडशिंगीत कुणाच्या घरी पलंग, कपाट, फ्रीज असलं काही घ्यायचं ठरलं, की माणूस दुकानात जायच्या आधी अण्णासोंच्या दारात यायचा. "सांच्याला मोकळं हाईसा काय? जरा टेप घिऊन या की." आणि अण्णासो मोकळे असोत वा नसोत, पायात चपला सरकवून निघायचेच. बोलावणं आलं नाही तर न बोलावता जायचे, एवढाच काय तो त्यांचा दोष.

अण्णासो मोजणी खात्यात शिपाई होते. वावराची मोजणी असली की साखळीचं नाहीतर टेपचं टोक बांधावर धरून उभं राहायचं, हे त्यांचं काम. टोक अण्णासोंनी धरायचं आणि दुसऱ्या टोकाला आकडा साहेबांनी वाचायचा. अठ्ठावीस वर्षं त्यांनी उन्हातान्हात, उसाच्या पाल्यात, भांडणाऱ्या भावाभावांच्या मधोमध उभं राहून शून्याचं टोक धरलं. आकडा कधी त्यांच्या वाट्याला आला नाही. म्हणूनच की काय, घरी आले की त्यांना आकड्यांची भूक लागायची.

पण ही भूक पहिल्यापासूनची नव्हे. तिच्यामागं एक फजिती होती, आणि ती सगळ्या गावानं डोळे भरून पाहिली होती.

एक्क्याण्णव साली अण्णासोंनी आयुष्यातली पहिली मोठी वस्तू घेतली. शिवाजी पेठेत सिकंदर मिस्त्रींचा कारखाना होता, तिथनं आरशाची लोखंडी तिजोरी. तिजोरी म्हणजे आपलं पत्र्याचं कपाट हो, पण कोल्हापुरात त्याला कपाट म्हटलं तर घेतल्यासारखं वाटत नाही. सिकंदर मिस्त्रींनी विचारलं होतं, "घरात जातीया न्हवं?" त्यावर अण्णासो छाती काढून म्हणाले होते, "आमचं दार काय बारकं न्हाय."

दार बारकं नव्हतंच. तिजोरी आडवी करून दारातनं आत घातली तशी ती अर्धी सुरळीत आत गेली. पण पुढं तीन हातांवर सोप्याची भिंत. तिजोरी पुढं जाईना, वळेना, आणि वर कौलं इतकी खाली की उभीही राहीना. बरं, मागं ओढावी तर एक पाय उंबऱ्यात असा अडकला की टेम्पोवाल्याचे चार गडी घामाघूम झाले आणि शेवटी चहा पिऊन निघून गेले. तीन दिवस ती तिजोरी अर्धी घरात नि अर्धी अंगणात पडून होती. घरची माणसं परड्याच्या दारानं ये-जा करायची. शेजारच्या धोंडुबाई रोज सकाळी येऊन आरशात बघून कुंकू लावून जायच्या आणि वर विचारायच्या, "अण्णासो, ह्यो नवा उंबरा केवढ्याला पडला?"

अख्ख्या तालुक्याची जमीन मोजणारा माणूस, आणि त्याला स्वतःचं दार मोजायचं सुचलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. चौथ्या दिवशी गवंडी आणून चौकट काढली, हातभर भिंत फोडली, तेव्हा तिजोरी आत गेली. अण्णासोंनी त्याच दिवशी एक टेप विकत आणला आणि शंभर पानी वही घातली.

त्या वहीत पुढच्या दहा-अकरा वर्षांत अर्धं गाव आलं. 'धोंडुबाई. दार २ फूट ५ इंच. उंबरा उंच. फ्रीजचं दार भिंतीला लागणार, मांडणी हलवणे.' अशा नोंदी. अण्णासोंची पद्धत ठरलेली होती. नुसती जागा मोजून भागत नाही, वाटही मोजायची. बोळ, पायरी, दार, वळण, सगळं. "दुकानात छत उंच असतंय," ते सांगायचे, "तितं समदं बारकं दिसतंय. घरात आलं की त्येच वाढतंय."

त्यांचा आणखी एक छळवाद होता. पलंग घ्यायचा तर आधी जुनी वर्तमानपत्रं खळीनं चिकटवून पलंगाएवढा कागद करायचा, तो खोलीत अंथरायचा आणि दोन दिवस त्यावर पाय न देता घरात वावरायचं. जमलं तर पलंग घ्यायचा. स्वतःच्या घरी हा प्रयोग झाला तेव्हा शेवंताबाई, म्हणजे त्यांची बायको, दोन दिवस हातात भाकरीची दुरडी घेऊन भिंतीला घासत चालत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी तो कागद गोळा करून चुलीत घातला आणि म्हणाल्या, "पलंग नगं. मला घोंगडं बरं." लोक हसायचे, पण अण्णासोंना न विचारता वस्तू घेणारे पुढं पस्तावायचे, हेही खरं होतं.

तर दोन हजार दोन साली अण्णासोंच्या अक्षताचं लग्न ठरलं. एकुलती एक लेक, शिवणकाम शिकलेली, उंचीला आईच्या वर गेलेली. मुलगा प्रसेनजीत, कोल्हापुरात सिद्धार्थनगरात राहणारा, वर्कशॉपमध्ये कामाला. घर जुनं, दुमजली. खाली त्याचे थोरले चुलते गुंडूतात्या राहायचे, बायको वारलेली, मूलबाळ नाही. मधल्या खोलीत प्रसेनजीतचे वडील जोतीराम आणि आई. वरची एक खोली नव्या जोडप्याची. गुंडूतात्यांनीच धाकट्या भावाला लहानाचं मोठं केलेलं, त्यामुळं जोतीराम त्यांच्या शब्दाबाहेर नव्हते. पण घराची वाटणी राहिली होती, आणि वाटणीचा विषय कुणी काढत नसलं तरी ती ठसठसत होती. वाटणी होईपर्यंत भिंतीत कुणी खिळासुद्धा ठोकायचा नाही, असा गुंडूतात्यांचा दंडक होता.

बैठकीत पोरीला संसारसेट द्यायचा ठरला. तिजोरी, पलंग, गादी, भांड्यांची मांडणी. पोरीकडच्यांनी तो घ्यायचा आणि लग्नाच्या आधी सोयऱ्याच्या घरी पोचवायचा. सगळीकडं असंच चालतं, आणि सगळीकडं तो न मोजताच घेतात. कारण सोयऱ्याच्या घरात जाऊन टेप लावायचा म्हणजे तोंडावर सांगायचं की तुमचं घर बारकं आहे. मग पलंग दारात अडकतो, लोक हसतात आणि पोरीला पहिल्याच दिवशी टोमणे बसतात. अण्णासोंना हे टोमणे आधीच ऐकू येऊ लागले होते.

ते शिवाजी पेठेत गेले. सिकंदर मिस्त्री आता पिकलेल्या दाढीचे झाले होते. म्हणाले, "अण्णासो, मापं आणल्याबगार मी पत्र्याला हात लावणार न्हाय. तुमची ती एक्क्याण्णव सालची तिजोरी अजून माझ्या सपनात येती."

"आणतो की," अण्णासो म्हणाले.

घरी शेवंताबाईंना वास लागायला वेळ लागला नाही. त्यांनी स्टीलचा टेप अण्णासोंच्या डोळ्यांदेखत ट्रंकेत ठेवला, कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली.

"पावण्याच्या घरात टेप काढलासा तर त्या दिसापासनं मी तुमच्याशी बोलायची न्हाय. सांगून ठेवते."

"ह्यो टेप न्हेत न्हाय. झालं?" अण्णासो म्हणाले, आणि खोटं बोलले नाहीत. कारण दुसऱ्या दिवशी सिद्धार्थनगरला जाताना त्यांच्या खिशात अक्षताच्या शिवणयंत्राच्या खणातला कापडी टेप होता.

निमित्त होतं पत्रिकेत घालायची नावं विचारण्याचं. जोतीरामांनी त्यांना बसवलं, नावं सांगितली, आणि घरात दूध नव्हतं म्हणून ते स्वतः पिशवी आणायला कोपऱ्यावर गेले. घरात कुणी नव्हतं. समोर जिना होता. अण्णासो त्या जिन्याकडं बघत दोन मिनिटं हात बांधून बसले. त्याहून जास्त वेळ त्यांच्यानं धीर धरवला नाही.

जिना अरुंद, अंधारा, मध्ये काटकोनात वळलेला. त्यांनी आधी छत्रीनं काम भागवायचा प्रयत्न केला. छत्री बरोबर दोन फूट दहा इंच, ती आडवी धरली तर बसेचना. मग वीत लावली. नऊ इंच, नऊ इंच आणि सात. तिजोरी जात नाही. पलंग तर नाहीच. ते आणखी वर चढले आणि वरच्या दाराशी त्यांचं डोकं चौकटीच्या लाकडावर असं आपटलं की डोळ्यांपुढं काजवे चमकले.

डोकं चोळत ते त्या चौकटीकडं बघत राहिले. आपली उंची पाच चार. म्हणजे ही चौकट...? पलंग, तिजोरी सगळं डोक्यातनं गेलं. त्यांनी कापडी टेप काढला, एक टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबलं आणि दुसरं वर नेलं. एकट्यानं मोजायची सवय नव्हती. टेप तीनदा निसटला. शेवटी टेपचे साठ इंच आणि वर बोटाचं एक पेर असा आकडा मिळाला, तो त्यांनी वही काढून लिहिला.

खाली वळून बघतात तर जिन्याच्या वळणावर गुंडूतात्या उभे. कमरेवर हात, नजर टेपवर.

"काय मोजालाईसा पावणं?"

"न्हाय, ते जरा..."

"मोजणी खात्यात न्हवं तुमी? साखरपुड्यात सांगितलं हुतं जोत्यानं." गुंडूतात्यांचा आवाज चढायला लागला. "म्हंजे हे असं हाय व्हय? वाटणी पायजे तर तोंडानं मागायची. पोराचं लगीन जुळवायचं, आन् पावण्याला घराची मोजणी करायला लावायची?"

जोतीराम दुधाची पिशवी घेऊन आले तेव्हा निम्मा बोळ दारात जमला होता. त्यांनी शपथा घेतल्या. अण्णासोंनी हात जोडून संसारसेटचं सांगितलं. पण मोजणी खात्यातला माणूस, हातात टेप, वहीत आकडे, आणि न झालेल्या वाटणीचं घर; कोल्हापूर जिल्ह्यात यावरून दुसरा कुठला अर्थ निघतो, तुम्हीच सांगा. अण्णासोंनी अठ्ठावीस वर्षं जी भांडणं बांधावर उभं राहून पाहिली, त्यातलं एक आज त्यांनी स्वतःच्या हातानं लावून दिलं होतं.

"मी त्या लग्नाला उभा ऱ्हाणार न्हाय," गुंडूतात्यांनी शेवटचं सांगितलं आणि खोलीचं दार लावून घेतलं.

तिसऱ्या दिवशी गावातल्या किराणा दुकानात जोतीरामांचा फोन आला. आवाज पडलेला. "अण्णासो, पत्रिका छापाय देऊ नगा. थोरला उभा ऱ्हात न्हाय तवर मला पोराचं लगीन लावायला यायचं न्हाय. माझा बाच हाय त्यो."

शेवंताबाईंनी शब्द पाळला. त्या बोलायच्या बंद झाल्या. ताट पुढ्यात सरकवायच्या, ताक ओतायच्या, पण तोंडातनं अक्षर नाही. अण्णासोंना त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या. त्यांना अन्न गोड लागेना. दारातल्या तिजोरीवर गाव हसलं होतं तेव्हा वाईट वाटलं होतं, पण ती लाज होती, भिंत फोडून संपली. हे तसं नव्हतं. पोरीचं लग्न आपल्या खोडीपायी मोडतंय, हे त्यांना कळत होतं आणि करण्यासारखं काही सुचत नव्हतं.

अक्षता रागावली नाही. तिनं बापाच्या सदऱ्याच्या खिशातनं टेप काढला, गुंडाळला, खणात ठेवला आणि म्हणाली, "आबा, मला तरी इचारायचं हुतं. मी प्रसेनजीतला सांगितलं असतं, त्यो मोजून दिला असता."

इतकं सोपं होतं ते. अण्णासोंनी पोरीकडं बघितलं आणि मान खाली घातली. विचारायचं त्यांच्या खरंच मनात आलं नव्हतं.

रविवारी सकाळी ते वही घेऊन सिद्धार्थनगरला गेले. गुंडूतात्या कट्ट्यावर बसले होते. त्यांनी बघूनही न बघितल्यासारखं केलं. अण्णासो 'जयभीम' म्हणाले. उत्तर आलं, पण ते नावापुरतं.

"तात्या, मी बोलाय आलो न्हाय. ही वही तेवढी बघा. घराचं एक पान हाय, ते फाडून तुमच्याकडं ठेवा पायजे तर."

गुंडूतात्यांनी वही हातात घेतली ती पुरावा सापडल्यासारखी. दोऱ्यानं बांधलेला चष्मा नाकावर चढवला आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. ओठ हलवत, एकेक अक्षर. धोंडुबाईंचा फ्रीज. कुणाचा दिवाण. कुणाच्या म्हातारीची खाट, 'उठायला उंच होते, पाय दोन इंच कापणे.' पानामागून पान. मध्येच त्यांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं. मग त्यांच्या घराचं पान आलं.

'जिना २ फूट १ इंच. वळण. तिजोरी जात नाही, दोन तुकड्यांत करणे. पलंग जोडायचा घेणे. गुंडूतात्या व जोतीराम यांच्या खोल्या मोजल्या नाहीत, गरज नाही. वरची चौकट ५ फूट १ इंच. अक्षता ५ फूट ३. डोक्याला लागणार. अक्षताला सांगणे.'

गुंडूतात्यांनी ते पान वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला, परत वाचलं. मग वही मिटली, अण्णासोंच्या हातात दिली आणि आत गेले. पान काही त्यांनी फाडलं नाही. अण्णासो थोडा वेळ कट्ट्याजवळ उभे राहिले. आत जावं की न जावं कळेना, म्हणून ते एस.टी. धरून परत आले.

दोन दिवसांनी किराणा दुकानात पुन्हा फोन. "थोरला म्हणतोय, तारीख तीच. पत्रिका छापा." का, कसं, काही नाही. जोतीरामांनाही माहीत नव्हतं. "त्येच्या पोटातलं त्यो सांगत न्हाय, म्या इचारत न्हाय," ते म्हणाले.

सिकंदर मिस्त्रींनी तिजोरी दोन तुकड्यांत केली. खालचा भाग वेगळा, वरचा वेगळा, वर नेऊन बोल्टनं जोडायची. एवढ्या निगुतीनं केली, की जोड कुठं आहे ते बोट फिरवूनही कळेना. लग्नाच्या दोन दिवस आधी टेम्पो भरला. अण्णासो निघाले तेव्हा शेवंताबाईंनी ट्रंक उघडली आणि स्टीलचा टेप आणून त्यांच्या हातात दिला.

"जोडताना लागंल," त्या म्हणाल्या. तीन आठवड्यांनी ऐकलेला आवाज तो. अण्णासोंना एवढा बरा वाटला की ते टेम्पोत पुढं बसायचं सोडून गादीवर जाऊन बसले.

सिद्धार्थनगरात सिकंदर मिस्त्रींनी गड्यांना जिन्यावर चढवलं. तिजोरीचा खालचा तुकडा वळणावरून असा गेला, की भिंतीचा चुनासुद्धा खरवडला नाही. अण्णासो मागोमाग चढत होते. वरच्या दाराशी आले आणि आठवणीनं त्यांनी मान वाकवली. वाकवली, पुढं गेले, आणि मग थबकले. मागं फिरून बघितलं.

चौकट नवी नव्हती, लाकूड तेच. पण भोवतीचा गिलावा ओला होता. वरची भिंत फोडून चौकट उचलली होती, तिच्या पायांखाली नवा विटांचा टेकू दिला होता. ज्या घरात खिळा ठोकायला बंदी होती, त्या घरात.

खाली जिन्याच्या वळणावर गुंडूतात्या उभे होते. त्याच जागी, पण हात कमरेवर नव्हते.

"तात्या, हे..."

"माझी मंडळी ह्या घरात आली त्या दिशी तितंच डोस्कं आपटून घेतलीती," गुंडूतात्या म्हणाले. "नवं लुगडं, आन् कपाळाला ह्ये एवढं टेंगूळ. आयाबाया हसल्या. मीबी हसलो. तिला कुणी सांगितलं न्हवतं, पावणं. मीबी न्हाय."

अण्णासोंनी चौकटीच्या लाकडावर हात ठेवला. सिकंदर मिस्त्री तिजोरी सोडून दोघांकडं बघत उभे होते.

"आता काय बघत ऱ्हायलाईसा?" गुंडूतात्या ओरडले. "मोजा की! टेप आणलाय न्हवं?"

अण्णासोंनी खिशातनं टेप काढला. गुंडूतात्या गुडघ्यावर हात देत, एकेक पायरी थांबत वर आले. "आणा हिकडं," म्हणाले, आणि टेपचं टोक ओढून घेतलं. खाली उंबऱ्याशी फतकल मारून बसले आणि ते टोक अंगठ्यानं गच्च दाबून धरलं. जसं अण्णासोंनी अठ्ठावीस वर्षं धरलं होतं तसं.

"धरलंय. वाचा."

अण्णासोंनी टेप वर नेला. आकडा त्यांच्या हातात आला. पाच फूट आठ इंच. त्यांनी तो मोठ्यानं वाचला, साहेब वाचायचे तसा, आणि गुंडूतात्यांनी खालून मान डोलावली.

मग अण्णासोंनी वही उघडली. जुना आकडा खोडून नवा लिहिला. आणि त्याच्याखालचं 'अक्षताला सांगणे' हेही खोडून टाकलं.